सिग्नल मेंटेनन्सचा अनुभव कॅनडात धरतात का?

भाऊ, तू विचारलंस की नागपुरात कंत्राटदाराकडे सिग्नलच्या मेंटेनन्सवर आहेस, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, ओन्टारिओला यायचंय, तर हा अनुभव तिथे धरतात का. धरतात, पण कागदावर असेल तरच. मीही नागपुरातल्या व्हेरायटी चौक, शंकरनगरचे सिग्नल करतच इकडे आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथल्या नगरपालिका बहुतेक जागांसाठी ३०९ए, म्हणजे इलेक्ट्रिशियनचा परवाना मागतात. शिकाऊ उमेदवाराला त्यासाठी ९००० तास भरावे लागतात. बाहेरून आलेल्याला 'स्किल्ड ट्रेड्स ओन्टारिओ'कडून अनुभव तपासून घेता येतो आणि मग परीक्षा. पास व्हायला ७० टक्के. नुसत्या सिग्नलच्या कामावर ती निघत नाही. घरगुती वायरिंग, मोटर कंट्रोल, सगळं येतं. तेव्हा जमलं तर आत्ताच कारखान्याचंही थोडं काम धर. आणि मालकाचं पत्र नोकरीत असतानाच घे. 'काम समाधानकारक' एवढ्यावर भागत नाही. तारखा, तास आणि नेमकं काय केलं ते हवं. शिवाय आयएमएसए या सिग्नलवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं 'सिग्नल टेक्निशियन लेव्हल १' हे प्रमाणपत्र करून ठेवलंस तर अर्ज वर येतो.

आता कामाचं. चौकातलं सिग्नलचं कॅबिनेट उघडलं की कंट्रोलर, दिव्यांना वीज देणारे लोड स्विच, गाडी ओळखणारं डिटेक्टर कार्ड आणि चूक पकडणारा मॉनिटर. दोन आडव्या दिशांना एकदम हिरवा लागला तर हा मॉनिटर अर्ध्या सेकंदाच्या आत अख्खा चौक फ्लॅशवर, म्हणजे नुसत्या लुकलुकत्या दिव्यांवर टाकतो. अशा वेळी रिसेट मारून निघायचं नाही. आधी मॉनिटरचा लॉग वाचायचा, कोणत्या चॅनेलवर किती व्होल्ट होते ते टिपायचं, मग दोष शोधायचा. सगळं कॅबिनेटमधल्या वहीत, वेळ टाकून, सही करून. अपघात झाला की कोर्टात हीच वही मागतात. वहीत नाही ते काम झालंच नाही, असं इथे धरतात, आणि मला हे पटतं; हिरवा दिसला म्हणून गाडी घालणाऱ्याचा जीव त्या वहीवर असतो.

हिवाळ्यात खरा त्रास लूपचा, म्हणजे गाडी ओळखायला रस्त्यात पुरलेल्या वायरच्या वेटोळ्याचा. पाणी भेगेत गोठतं, डांबर फाटतं, वायर तुटते. मग कार्ड सतत गाडी उभी असल्याचं सांगतं आणि रिकाम्या गल्लीला हिरवा मिळत राहतो. मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, हे तुला येतंच. एलईडी तापत नाही, त्यामुळे बर्फ लेन्सवर चिकटून राहतो; तो काढायला ट्रकवरच्या उचलत्या पाळण्यात, बकेटमध्ये चढावं लागतं. नेमा या अमेरिकेतल्या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेच्या मानकाप्रमाणे ही उपकरणं उणे ३४ ते ७४ अंश सोसतात, म्हणजे आपला मे महिनाही. बोटांना मात्र त्या थंडीत बारीक स्क्रू धरवत नाही, चांगले हातमोजे घेच.

गाडी चालवण्याच्या अनुभवाचं पत्र आरटीओतून घेऊन ये. त्याने इथल्या परवान्याची वाट बघण्याची मुदत कमी होऊ शकते, आणि जड बकेट ट्रकसाठी पुढे वेगळा, वरच्या वर्गाचा परवाना काढावा लागतो.