वाचकांचे प्रश्न : सुट्टीतला प्रवास आणि संध्याकाळची मैफल

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत दादरहून रेल्वेने नाशिकला येऊन त्याच संध्याकाळी महाकवी कालिदास कलामंदिरात शास्त्रीय गायनाची मैफल ऐकणे जमेल का?

उत्तर : जमेल, मात्र पंचवटी एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सुटत असल्याने सकाळचीच गाडी धरावी. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट ३७ फुटांमागे १ फूट इतका चढत असल्यामुळे कसाऱ्याला अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, आणि त्यांचा धक्का शेवटच्या डब्यात चांगलाच जाणवतो (मुलांना तोच आवडतो). नाशिकरोड स्थानक शहरापासून दूर आहे, शिवाय द्वारका चौकात वाहतूक तुंबते, तेव्हा कलामंदिर ज्या भागात आहे त्या शालिमारला वेळेआधीच पोहोचावे. मारवा, पूरिया हे सूर्यास्ताचे राग गायचे झाल्यास सुरुवातीलाच गायले जातात.