उन्हाळ्यात थोडं पोरकट व्हायला हरकत नाही (वाचकांचे प्रश्न)

उन्हाळ्यावर प्रश्न पाठवा म्हटलं तर निम्मी पत्रं 'पित्तावर काय घेऊ' अशीच आली, त्यामुळे सगळी घेतली नाहीत. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय कारण तसं बऱ्याच जणींचं चाललेलं असतं.

प्रश्न : ताई, मी पुण्यात असते, वय 41, आयटीत आहे, वर्क फ्रॉम होम. एप्रिल लागला की माझं डोकं तापतं ते थेट पाऊस पडेपर्यंत. सकाळी सब्जा, दुपारी ताक, संध्याकाळी कोकम सरबत, रात्री गुलकंद, सगळं वेळच्या वेळी करते, फोनमध्ये अलार्म लावलेत. तरी दिवसभर पोरांवर खेकसते, त्यांना सुट्टी आहे आणि मला नाही. पित्त अजून कसं कमी करू?

उत्तर : अलार्म वाचून हसू आलं, रागवू नका. गुलकंदाला अलार्म लावणारी बाई संध्याकाळी दमणारच हो.

आधी एक सांगते. उन्हाळा म्हणजे पित्ताचा सीझन असं आपण सगळेच धरून चालतो, पण आयुर्वेदाचा जुना ग्रंथ आहे, वाग्भटाचं अष्टांगहृदय, त्यात सूत्रस्थान या पहिल्या भागाचा तिसरा अध्याय आहे ऋतुचर्येचा, म्हणजे कुठल्या ऋतूत कसं राहायचं याचा, त्यात ग्रीष्मात वात साठतो असं दिलंय. पित्त साठतं पावसाळ्यात आणि उसळतं शरदात, म्हणजे आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये. आता मुळात पित्ताची प्रकृती असेल तर उन्हाचा त्रास होतोच, ते कोण नाही म्हणतंय, पण या दिवसात शरीर कोरडं पडलेलं असतं आणि वर्षातली सगळ्यात कमी ताकद असते, हा मुद्दा राहून जातो. म्हणून तिथे गोड, हलकं, पातळ, थंड यांच्या जोडीला 'स्निग्ध' पण सांगितलंय आणि ते नेमकं आपण विसरतो. दिवसभर थंडगार सरबतं आणि जेवायला डाएट म्हणून खाखरा नाहीतर कुरमुरे, मग आतून कोरडं पडल्यावर चिडचिड नाही होणार तर काय होणार? मऊ भातावर तूप घ्या, दूधभात खा, सातूचं पीठ साखर-तूप घालून पातळसर कालवून खा. सातू आणि साखर तर त्या अध्यायातच आहे, आपल्या आज्या काही वेगळं करत नव्हत्या.

आता खरी गंमत. त्याच अध्यायात उन्हाळ्याचा शीण कशाने जातो त्याची लांबलचक यादी आहे, कारंज्यांचं घर, पाण्याने भिजवलेले पंखे, फुलं, रात्री गच्चीवर चांदण्यात झोपणं, चंद्र-ताऱ्यांखाली गार केलेलं साखर घातलेलं म्हशीचं दूध. (हे सगळं कोणासाठी लिहिलंय ते कळतंच, चाळीत राहणाऱ्याला कारंजं कुठून परवडणार.) पण त्याच यादीत गोड बोबडं बोलणारी लहान मुलं आहेत, मैना आहेत, पोपट आहेत. म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर दिवसभर खेकसताय ती पोरं वाग्भटाच्या औषधात आहेत आणि तुम्ही घेताय फक्त सब्जा!

तर करा असं, दोन अलार्म काढून टाका. सहा वाजता लॅपटॉप बंद झाला की पोरांना घेऊन गच्चीत जा. पाणी असेल तर गच्ची शिंपा, पाण्याची बोंब असेल (एप्रिलात असतेच) तर कपडे धुतलेलं शेवटचं पाणी बादलीने टाका, ओल्या गच्चीवर अनवाणी फिरा, पोरं अंगावर पाणी उडवतील तर उडवू द्या. मग पत्ते, काचापाणी, सागरगोटे, नाहीतर गाण्याच्या भेंड्या, जे येईल ते. आणि खेळताना आई नका होऊ, 'हात असा धर', 'सरळ बस' काही नाही, फोटो नाही, स्कोअर लिहायचा नाही. पित्ताच्या माणसांची हीच तर अडचण असते, लगोरी खेळायला घेतली तरी दहा मिनिटांत त्याची टुर्नामेंट करतात आणि हरली की रात्रभर तोंड फुगवून. झब्बूत हरा, जोरात हरा, पोरांना तेच तर पाहिजे असतं. शेजारच्या काकू बघतील म्हणून लाज वाटत असेल तर काकूंनाच खेळायला बोलवा.

एक मात्र गंभीरपणे. झोप उडालीय, पाळी मागेपुढे होतेय, छातीत धडधडतंय असं असेल तर उन्हाळ्यावर ढकलू नका. या वयात थायरॉइड आणि हार्मोन्स एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवेत.

प्रश्न : आम्ही नागपूरचे. आमच्या ह्यांना पळायचं वेड लागलंय, जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी म्हणून मे महिन्यातही संध्याकाळी पाचला बाहेर पडतात, म्हणतात घाम निघाला की शरीर साफ होतं. खिशात कांदा ठेवते मी त्यांच्या. चालेल ना?

उत्तर : कांदा नाही चालणार, बाई. कांदा कोशिंबिरीत घाला, खिशात ठेवून ऊन लागायचं थांबत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 44-45 ला सहज जातो आणि पाच वाजता रस्ता, भिंती सगळं दिवसभराची उष्णता परत सोडत असतं. वाग्भटाच्या ग्रंथात ग्रीष्मात टाळायच्या गोष्टींत व्यायाम आणि ऊन दोन्ही आहेत, आणि साहेब दोन्ही एकदम करतायत. पळायचंच असेल तर पहाटे उजाडताना, नेहमीच्या निम्म्याहून कमी, नाहीतर सरळ पोहायला जायला सांगा, तेही लॅप न मोजता, उड्या मारायला. मनगटावरचं घड्याळ घरी काढून घ्या, तुम्हाला जमत असेल तर.

हे मात्र दोघांनी लक्षात ठेवा, पळणाऱ्याला उष्माघात झाला तर अंग कोरडंच असतं असं नाही, घाम येत असतानाही होतो. बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला, उलट्या, शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर, की वेळ घालवायचा नाही, सावलीत आडवं करून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि हॉस्पिटलला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. सरबताचं म्हणाल तर ग्रंथात ग्रीष्मात खारट कमी करायला सांगितलंय, पण ग्रंथातला माणूस वाळ्याच्या पडद्याआड बसलेला आहे, घामाने भिजणाऱ्याला लिंबू-साखरेबरोबर मीठ लागतंच. बीपी असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : माझी नातवंडं मे महिन्यात मुंबईहून नाशिकला येतात. बारा ते पाच बाहेर सोडवत नाही, मग दिवसभर मोबाइल. त्यात धाकट्याचा घोळणा फुटतो. काय करू?

उत्तर : आजी, दुपार ही बैठ्या खेळांची, त्यासाठीच तर ते खेळ होते. फरशीवर खडूने पट आखा, चिंचोके फोडून त्यांचे फासे करा आणि अष्टाचंग शिकवा. पोरांना तो नियमांसकट आवडतो कारण त्यात दुसऱ्याची सोंगटी मारता येते. तुम्ही लबाडी करा, पकडली जा, परत करा. वाळवणं घालत असाल तर कावळे हाकलायची ड्युटी लावून द्या, सावलीत बसून काठी आपटायची, पगार म्हणून पापडाची लाटी. अर्ध्या लाट्या पोटात जाणार हे धरून पीठ जास्त भिजवा.

घोळणा फुटला की पूर्वी मान मागे करायचे, ते करू नका, रक्त घशात जातं. बसवून मान जरा पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं सलग धरून ठेवा, मध्ये सोडून बघायचं नाही, श्वास तोंडाने. कपाळावर गार पाण्याची घडी ठेवलीत तर बरं वाटेल त्याला. एरवी रोज रात्री नाकपुडीच्या आत बोटाने किंचित साजूक तूप लावा, कोरडेपणा कमी झाला की बऱ्याच मुलांचं थांबतं. अर्ध्या तासात रक्त थांबलं नाही किंवा सारखं सारखं होतंय तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

प्रश्न : सासर अकोल्याचं, तिथे वाळ्याचे ताटवे आणि कूलरने घर गारेगार. हौसेने मुंबईच्या फ्लॅटला कूलर आणला तर अंग नुसतं चिकट होतं.

उत्तर : होणारच. माठ, वाळा, कूलर सगळ्यांचं काम पाणी सुकण्यावर चालतं आणि मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली. अकोल्याची हवा कोरडी म्हणून तिथे चालतं. कूलर सासरी परत पाठवा, तुम्हाला उभा वारा हवा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि पंखा. सुती कपडे, दोनदा अंघोळ. वाळ्याची जुडी पिण्याच्या पाण्यात टाका, वासानेच बरं वाटतं. जेवणात कोकम किंवा सोलकढी असू द्या, किनाऱ्यावरची माणसं उगीच नाही पित ती.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला. इथे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, आई तिकडून फोनवर 'आता डिंकाचे लाडू खा' म्हणते. कॅलेंडर कुठलं पाळू?

उत्तर : खिडकीबाहेरचं. ग्रंथातला ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढात येतो, आपल्याकडे आषाढात पाऊस कोसळत असतो आणि आपण काही तेव्हा पन्हं ढोसत नाही, मग तुम्ही जानेवारीत डिंकाचे लाडू कशाला खाताय? तुमच्याकडे एक दिवस 40 आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर असाही प्रकार असतो, तेव्हा फार बर्फगार सवयी लावू नका, त्या त्या दिवसाप्रमाणे. लाडू आईला न सांगता जुलैसाठी ठेवा.

प्रश्न : काशाच्या वाटीने तळपाय घासले की पाय काळे होतात, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडते असं पार्लरवाली म्हणाली. खरं का?

उत्तर : नाही. काळं होतं ते काशातला धातू तुपाबरोबर घासला गेल्यामुळे. पण म्हणून वाटी फेकू नका, रात्री तळपायाला तूप नाहीतर खोबरेल लावून कोणी दहा मिनिटं वाटी फिरवली तर बऱ्याच जणांना छान झोप येते. पार्लरला पैसे देण्यापेक्षा घरात एकमेकांचे पाय घासा, नवराबायकोत गुदगुल्या आणि भांडणं होतील, ती पण झालीच पाहिजेत. पायाला जखम किंवा भेगा असतील तर घासू नका, नंतर पाय पुसून मगच फरशीवर उतरा. निसरडं होतं.

प्रश्न : मी साताऱ्याला, वय 68, निवृत्त, डायबेटिस आहे. मुलं परदेशात, पत्नी नाही. गुलकंद आणि पन्हं घेऊ का? आणि तुमच्या मागच्या अंकात 'उन्हाळ्यात खेळा' लिहिलंत, एकट्याने काय खेळायचं?

उत्तर : काका, गुलकंद नको, तो निम्मा साखरच असतो. पन्ह्यात साखरेऐवजी गूळ घातला तरी शुगर वाढतेच, गूळ म्हणजे औषध हा गैरसमज सोडा. उकडलेल्या कैरीचा गर, वेलची, जिरेपूड, चिमूट मीठ, गोड न घालता घ्या, आंबट लागेल पण तोंडाला चव येते. पातळ ताक, सब्जाचं पाणी चालेल, सातूचं पीठ ताकात कालवून खाल्लं तरी चालेल पण वाटीभरच. तहान लागायची वाट बघू नका, वय झालं की ती उशिरा लागते. दुपारी थोडं आडवं व्हा, एरवी दिवसा झोप नको म्हणतात पण या ऋतूत सूट आहे.

खेळायचं म्हणाल तर पत्त्यांचा नवा कॅट घ्या आणि ऊन कलल्यावर सोसायटीच्या बाकावर एकटेच पेशन्स लावत बसा. बोलवायला जाऊ नका कोणाला. पत्ते मांडलेले दिसले की आपल्याकडे माणूस 'हा इकडे लावा ना' म्हटल्याशिवाय पुढे जातच नाही, दोन दिवसांत कोणीतरी टेकेल. वॉचमन टेकेल, सुट्टीला आलेली पोरं टेकतील. मेंढीकोटला चार जण लागतात, तिघंच जमलात तर पाच-तीन-दोन खेळा.