बायोफिल्म, किटण आणि काळाकिट्ट

नागपूरच्याच एका दंतवैद्यक विद्यार्थिनीचा प्रश्न: पोस्टरवर बायोफिल्मला 'जैवपटल' आणि फोटोसेन्सिटायझरला 'प्रकाशसंवेदक' लिहिलं तर चालेल का?

आधी माझी एक तक्रार. एप्रिल लागला की धरमपेठेपासून महालापर्यंत कूलर बाहेर निघतात, टाकीच्या बुडाशी बोट फिरवून जो तो म्हणतो, "शेवाळ धरलं." अहो, शेवाळाला उजेड लागतो. अंधाऱ्या टाकीत बोटाला लागतो तो मळकट, बुळबुळीत थर बहुतांशी जिवाणूंचा. स्वतःच सोडलेल्या चिकट्यात दडून बसतात ते. बायोफिल्म म्हणतात ती हीच.

'जैवपटल' मला पटत नाही. पटल म्हणजे पडदा, सरकवला की सरकतो. हा थर खरवडावा लागतो, आणि खरवडायच्या थराला मराठीत 'किटण' आहे. दातांवरचं किटण पुढे दगडासारखं होतं हे खरं, पण सुरुवात जिवाणूंच्या थरानेच होते. किटणाचं नातं 'किटाणू'शी लावणाऱ्या पंडितांनी जरा दम धरावा. मूळ संस्कृत 'किट्ट', म्हणजे मळ. आयुर्वेदात अन्नाचं सार वेगळं, किट्ट वेगळं. लोहकिट्ट म्हणजे मंडूर, लोखंडाचा मळ. आणि 'काळाकिट्ट'मधला किट्टही हाच, असं माझं ठाम मत. तो नुसता जोर द्यायला आलाय म्हणणाऱ्यांनी सांगावं, मग 'पांढराकिट्ट' का कुणी म्हणत नाही?

सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्या डच लेवेनहूकने 1683 साली दातांवरच्या याच मळातले जीव लिहून कळवले. व्हिनेगरने वरवरचे मेले, आतले तगले, हेही त्याने पाहिलं. आज अँटिबायोटिकचं तेच होतं. म्हणून प्रकाशाचा उपाय: मेथिलीन ब्लूसारखा रंग (तुमचा फोटोसेन्सिटायझर तो हाच) लावायचा, 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश टाकायचा. रंगामुळे ऑक्सिजन आक्रमक होतो आणि जिवाणूचं आवरण, प्रथिनं, डीएनए, सापडेल त्यावर तुटून पडतो. एकाच जागी मार नसल्याने जिवाणूला निर्ढावणं अवघड. पण हा ऑक्सिजन क्षणभरही टिकत नाही, रंग पोचेल तिथेच त्याचा मार. त्यामुळे बरीच खटपट रंग आत शिरवण्याची: धनभारित रंग घ्या, चिकटा फोडणारी विकरं (एन्झाइम) आधी सोडा. शिवाय मार जास्त वेळ टिकावा म्हणून पोटॅशियम आयोडाइडची जोड द्या. खोल थरात मुळात ऑक्सिजनच कमी, म्हणून प्रकाश थांबून थांबून देऊन बघतात.

हां, 'प्रकाशसंवेदक'. तो रस्त्यावरच्या दिव्यात असतो, अंधार पडला की दिवा लावतो. तुमच्या पोस्टरवर 'प्रकाशाने जागा होणारा रंग' लिहा, परीक्षक कुरकुरले तरी.