नोटीस ३८ हजारांची, देणं नेमकं कितीचं?

मोशीहून एका वाचकाने लिहिलंय, ते थोडक्यात असं. वय ४१, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. वडील २०१७ मध्ये गेले आणि गावची सव्वा एकर जिरायत यांच्या नावावर आली. २०१९ मध्ये तलाठ्याने गावची यादी केली तेव्हा आधार आणि पासबुकाची झेरॉक्स दिली, एका कागदावर सही केली. त्यानंतर पीएम-किसानचे १६ हप्ते गावच्या बँक खात्यात जमा झाले, नमो शेतकरीचे ३ आले. पासबुक आईकडे, पैसे खत-बियाण्यात आणि तिच्या गोळ्या-औषधांत गेले. फेब्रुवारी २०२४ नंतर हप्ते थांबले. आता तहसील कार्यालयाची नोटीस आली आहे: आयकर भरत असताना लाभ घेतला, ३८,००० रुपये १५ दिवसांत परत करा, नाहीतर जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करू. त्यातले सहा दिवस गेले. चुलतभाऊ म्हणतो, अर्ध्या गावाला नोटिसा आल्यात, कुणी भरत नाही. कचेरीबाहेरचा एजंट १०,००० मध्ये ‘नाव काढून देतो’ म्हणतो. बायको म्हणते, भरून टाका आणि मोकळे व्हा. बँकेत १,२०,००० ची एफडी आणि बचत खात्यात २६,००० आहेत. अर्धा एकर विकून मोशीतच वन बीएचके घ्यायचा बेत आहे, एक लाख विसारही घेतलाय. शेवटी जाता जाता एक ओळ: बायकोला लाडकी बहीणचे पैसे सुरुवातीपासून येतात, त्याचं काय?

भाऊ, त्या शेवटच्या ओळीकडे मी शेवटी येतो, पण ती जाता जाता लिहायची गोष्ट नव्हती.

आधी ३८,००० हा आकडा कसा झाला ते पाहू. १६ हप्ते गुणिले २,००० म्हणजे ३२,००० आणि नमोचे ६,०००. कार्यालयाने तुमच्या नावावर जमा झालेलं सगळं बेरजेत धरलंय. पण पीएम-किसानचा नियम ‘आयकर भरणारा माणूस कायमचा बाद’ असा नाही. मागच्या कर-निर्धारण वर्षात (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष, ज्यात त्या कमाईवरचा कर ठरतो) ज्याने आयकर भरला, तो अपात्र. कर भरणं वेगळं आणि रिटर्न भरणं वेगळं. आपल्याकडे हा घोळ फार आहे. रिटर्न भरलं पण कर शून्य, तर तो माणूस त्या वर्षापुरता करदाता नाही.

तुम्ही पाठवलेले फॉर्म १६ मी पाहिले. २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये तुम्ही ठेकेदाराकडे होतात, उत्पन्न अडीच लाखांच्या आतलं. कराचा प्रश्नच नव्हता. २०१९-२० मध्ये ४.२ लाख आणि २०२०-२१ मध्ये ४.६ लाख. पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७अ ची १२,५०० पर्यंत सूट होती, त्यामुळे तिथेही कर शून्य. कायम झालात २०२१ मध्ये आणि २०२१-२२ पासून दर महिन्याच्या पगारातून कर कापला जाऊ लागला. त्याचं कर-निर्धारण वर्ष २०२२-२३.

आता हप्ते या वर्षांवर ठेवून पाहा. फेब्रुवारी २०१९ ते जानेवारी २०२२ या काळात पहिले दहा हप्ते आले, २०,००० रुपये. त्यातल्या प्रत्येक हप्त्याच्या मागच्या कर-निर्धारण वर्षात तुमचा कर शून्य होता, म्हणून हे पैसे तुम्ही चुकीने घेतले असं मला दिसत नाही. मे २०२२, ऑक्टोबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२३ चे तीन हप्ते काठावर आहेत: ‘मागचं कर-निर्धारण वर्ष’ हे शब्द अक्षरशः घेतले तर तेही तुमच्या बाजूने येतात. त्यानंतरचे तीन आणि नमोचे तीन मात्र निर्विवाद परत करायचे, १२,००० रुपये. नमो शेतकरी राज्याची योजना असली तरी ती पीएम-किसानच्या पात्रतेवरच चालते, त्यामुळे तिथे वेगळी पळवाट नाही.

काठावरच्या ६,००० साठी भांडावं का? मी भांडणार नाही. शब्दावर बोट ठेवता येईल, पण एप्रिल २०२१ पासून पगाराच्या चिठ्ठीवर कर कापलेला दिसत होता. तेव्हा पीएम-किसानचा लाभ बंद करायला हवा होता हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून माझा हिशोब असा: १८,००० आत्ता भरायचे आणि २०,००० वर लेखी हरकत घ्यायची.

यावर तुम्ही म्हणाल, वीस हजारांसाठी कशाला डोकेफोड, वहिनी म्हणतात तसे ३८ भरतो. वहिनींचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. तुमचा खरा धोका वीस हजारांचा नाहीच, तो सातबाऱ्याचा आहे. रक्कम महसुली थकबाकी ठरली की सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात बोजा चढू शकतो. घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा तेच पान बघतो. विसार घेतलेला असताना अडतीस हजारांपायी व्यवहार लटकणं हे फार महाग प्रकरण. म्हणूनच चुलतभावाचा सल्ला तुमच्यासाठी नाही. त्याला जमीन विकायची नाहीये. गावातल्या बाकीच्यांचं जे व्हायचं ते होईल, खरेदीखताची तारीख तुमची आहे.

तर मधला रस्ता. खरेदीखताच्या महिनाभर आधीपर्यंत २०,००० बाबत लेखी निर्णय आला तर उत्तम. नाही आला, तर तेही भरा, पण सोबत अर्ज द्या की ‘रक्कम हरकत राखून भरत आहे’. पैसे गेले तरी म्हणणं शिल्लक राहतं. तोवर हे वीस हजार तुमचे समजू नका. वेगळी छोटी एफडी करा आणि त्या पावतीवर पेन्सिलीने ‘तहसील’ लिहून ठेवा.

१८,००० कुठून? बचत खात्यातून. एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडल्यावर एक टक्का व्याज कापलं तर १,२०,००० वर वर्षाला १,२०० जातात आणि तुमची अडीअडचणीची एकमेव गंगाजळी उघडी पडते. खात्यात ८,००० उरतील, पुढचा पगार येईपर्यंत थोडी ओढाताण होईल. वीस हजारांची वेगळी एफडी पुढच्या दोन पगारांतून करा, आजच हवी असं नाही. सोनं तारण ठेवणं, पीएफ काढणं, क्रेडिट कार्डावर हप्ते पाडणं यातलं काहीही या रकमेसाठी करायचं नाही.

एजंटबद्दल दोनच वाक्यं. त्याला १०,००० देऊन तुमच्या ३८ मधला एक रुपयाही कमी होत नाही, उलट लाच देण्याचं नवं लचांड अंगावर येतं. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी अशाच वसुलीचे पैसे ‘साहेबांच्या माणसाकडे’ रोख दिले, पावती नाही, आणि वर्षभराने तीच नोटीस पुन्हा दारात.

उत्तर मात्र या आठवड्यातच द्या. सोबत बँकेचं खाते-विवरण, फॉर्म १६, फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तपशील), रिटर्नच्या पोचपावत्या आणि वर सांगितलेला वर्षवार तक्ता एका पानावर. दोन प्रती न्या, आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का-तारीख घ्या. रजा मिळत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा, पण पोचपावती जपा. २०१९ मध्ये सही केलेलं स्वयंघोषणापत्र होतं, त्याची प्रतही मागून घ्या. नाही दिली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. उत्तरात ‘मला काहीच माहीत नव्हतं’, ‘सगळं आईने केलं’ असलं काही लिहू नका. सही तुमची, खातं तुमचं. ‘अमुक वर्षापासून कर लागू झाला, तेव्हा योजना बंद करायची राहून गेली, ती रक्कम परत करत आहे’ इतकं पुरे, कारण तेच खरं आहे. नोटिशीत किंवा पुढच्या पत्रात ‘गुन्हा’, ‘फसवणूक’ असे शब्द आले, तर मात्र मला मेल करू नका, थेट वकील गाठा.

पैसे भरताना पीएम-किसानचा भाग सरकारी संकेतस्थळावरच्या परतावा पर्यायातून किंवा तहसीलने लेखी दिलेल्या खात्यात. नमोच्या रकमेचं खातं त्यांच्याकडूनच लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची ॲपची फाइल आली तर उघडू नका, त्या फाइलींनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत.

आता लाडकी बहीण. १७ ऑगस्ट २०२४ ला बालेवाडीत योजनेचा कार्यक्रम झाला तेव्हापासून वहिनींच्या खात्यात महिन्याला १,५०० येत आहेत. या योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कुणी आयकरदाता नको. तुमचा पगार आणि तुमचा फॉर्म १६ दोन्ही आडवे येतात, इथे वर्षांचा कीस काढण्यासारखं काहीच नाही. ई-केवायसीत नवऱ्याचं आधारही लागतं, तेव्हा लपेल अशी आशा धरू नका. अर्ज भरून दिला त्या अंगणवाडी सेविकेला किंवा महिला व बालविकास कार्यालयाला ‘लाभ बंद करावा’ असं लेखी द्या, पोच घ्या. आतापर्यंत किती आले ते पासबुकातून आज रात्रीच मोजा आणि ती रक्कम घराच्या डाउन पेमेंटमध्ये धरू नका. वहिनींशी हे बोलताना आवाज चढवू नका. पीएम-किसानचं खातं दोन वर्षं चालू ठेवणारे तुम्हीच होतात.

उत्तराचा मसुदा लिहून झाला की पाठवा, मी वाचून देईन. तक्ता आधी, मजकूर नंतर.