संख्याशास्त्र सोडून कायद्याकडे वळू का?

प्रश्न : मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. अमेरिकेतल्या फौजदारी न्यायालयांतला वंशभेद आकडेवारीने सिद्ध करतात, असं वाचलं. मला हेच काम करायचंय. संख्याशास्त्र सोडून एलएल.बी.ला जाऊ का?

उत्तर : सोडू नकोस. आधी वही काढ आणि १९७७ च्या ‘कास्टानेडा विरुद्ध पार्टिडा’ खटल्यातलं गणित कर. टेक्सासच्या हिडाल्गो काउंटीत ७९.१ टक्के लोक मेक्सिकन वंशाचे. अकरा वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी (आरोपीवर खटला चालवावा का, हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) ८७० जणांना बोलावलं, त्यांत मेक्सिकन वंशाचे फक्त ३३९. अपेक्षित किती? सुमारे ६८८. प्रमाण विचलन (निव्वळ योगायोगाने आकडा साधारण किती हलतो, त्याचं माप) काढलंस तर १२ येईल. म्हणजे फरक २९ प्रमाण विचलनांचा! योगायोगाने एवढा फरक पडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने मानलं. तू शिकलेलं बायनॉमियल वितरणच आहे हे.

पण दहा वर्षांनी याच कोर्टात आकडे हरले, आणि ते तू नीट समजून घ्यावंस असं मला मनापासून वाटतं. जॉर्जियातल्या वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय आरोपीला मृत्युदंड झाला होता. कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड बाल्डस आणि सहकाऱ्यांनी तिथले दोन हजारांहून अधिक खटले तपासले. इतर घटक हिशेबात धरूनही, बळी गोरा असेल तर मृत्युदंडाचे ऑड्स ४.३ पट निघाले. (ऑड्स म्हणजे घडण्याच्या संभाव्यतेचं न घडण्याच्या संभाव्यतेशी गुणोत्तर; नुसती संभाव्यता नव्हे. निकालपत्रातही ही गल्लत आहे.) कोर्टाने अभ्यास बरोबर आहे असं गृहीत धरलं, तरी ५ विरुद्ध ४ मतांनी अपील फेटाळलं. मॅक्लेस्कीच्याच खटल्यात भेदभावाचा हेतू होता हे दाखवा, असं म्हटलं. १९९१ मध्ये मॅक्लेस्कीला मृत्युदंड दिला गेला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले, आज मी मत बदललं असतं.

पुढे कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदाच केला. तिथे आता हेतू सिद्ध न करताही आकडेवारी मांडता येते.

म्हणून आधी एम.एस्सी. कर. लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही अशा निकालावर प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा काढायची पद्धत) पक्कं कर, कारण ‘अमुक घटक का सोडलात?’ हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न असतो. तीन वर्षांचं एलएल.बी. पदवीनंतर केव्हाही करता येतं. तोवर एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) तुरुंगविषयक वार्षिक अहवाल उघड. त्यात कैद्यांची जात आणि धर्म यांचे तक्ते आहेत. महाराष्ट्राचे आकडे लोकसंख्येतल्या प्रमाणाशी ताडून बघ. मग त्या फरकातून काय सिद्ध होत नाही, हे एका पानात लिही आणि मला पाठव.