‘खाणावळ थकली’ म्हणजे काय थकलं?

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या १९२८च्या गिरणी संपाच्या आठवणींत ‘तीन महिन्यांची खाणावळ थकली’ असं ऐकू येतं. खाणावळ ही तर जागा, ती थकते कशी? आणि बरोबर काय, खाणावळ की खानावळ?

इथे खाणावळ म्हणजे जेवणाचे पैसे. सोनाराची घडणावळ, शिंप्याची शिवणावळ, पिठाच्या गिरणीतली दळणावळ, तशी जेवू घालणाऱ्या बाईची खाणावळ. ‘खाणावळीत जेवतो’ म्हटलं की जागा, ‘खाणावळ दिली’ म्हटलं की पैसे. एकच शब्द दोन्हीकडे चालतो. (जेवणावळ मात्र या माळेतली नाही, ती पंगत.)

हा पैशाचा अर्थ गिरणगावात इतका रुळला, त्यामागे तिथलं राहणं आहे. १९२१च्या जनगणनेत मुंबईतली सुमारे ७० टक्के बिऱ्हाडं एका खोलीची होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे कितीतरी गडी बायकापोरांना गावी ठेवून आलेले. एका गावचे लोक मिळून खोली घेत. ट्रंका नि वळकट्या आत, झोपायला गॅलरी, नाहीतर रस्त्याची कड. तिथे चूल कोण मांडणार? मग चाळीतल्याच कुणा कामगाराची बायको, कुणी विधवा, आपल्या एका खोलीत या गड्यांना दोन्ही वेळा वाढायची. तीच खाणावळवाली.

पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा येईपर्यंत हाती पडत नसे. म्हणजे बाईने महिना-दीड महिना आधी रांधायचं, खाणावळ मागाहून. तिचं धान्य वाण्याकडून उधारीवर. वाण्याने हात आखडला की सावकार होताच, आणि त्याचा रुपयामागे महिना एक आणा (रुपयाचा सोळावा हिस्सा) हा दर सर्रास चाले. वर्षाचे झाले ७५ टक्के!

आता यावर संप ठेवून पाहा. विणकराने दोनऐवजी तीन साचे (माग) चालवावेत, या मालकांच्या हट्टाने आधीच धुमसत असलेल्या गिरण्या एप्रिल १९२८मध्ये एकामागून एक बंद पडल्या, त्या ऑक्टोबरपर्यंत. सुमारे दीड लाख कामगार बाहेर. पावसाळ्यात कोकणची बोट बंद, त्यामुळे बोटीने गावी जायचं ते पावसाच्या आधीच. मागे राहिलेल्यांचं जेवण चालू, पगार बंद, आणि वाण्याची वही बाईच्या नावावर. संपाच्या इतिहासात डांगे, अळवे, ना. म. जोशी या कामगार पुढाऱ्यांची नावं येतात, ती यायलाच हवीत. पण हा संप खाणावळवालीच्या उधारीवरही तगला, हे त्यांच्याइतकंच ठळक लिहिलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. तिचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर नसे, म्हणून तिचं नुकसान संपाच्या हिशेबात धरलंच जात नाही.

‘थकली’ हे क्रियापदही नीट पाहावं. भाडं थकतं, हप्ता थकतो, तशी खाणावळ थकते: वेळ टळली, पण देणं शिल्लक आहे. देणारा पळाला तर खाणावळ बुडते. ‘थकली’ म्हणणारा गडी ते ऋण अंगावर घेऊन बोलतोय; बाईच्या तोंडी ‘बुडाली’ आलं तर समजावं की तो परतलाच नाही.

या उधारीच्या फेऱ्यातून बायकांना सोडवायला १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे ही रीत त्या संपानंतर अर्धशतकभर तशीच चालू होती.

राहिला ण आणि न. मूळ ‘खाणे’, म्हणून ‘खाणावळ’ हेच रूप मी लिहितो. पाट्यांवरची ‘खानावळ’ बहुधा हिंदी ‘खाना’च्या ओढीने आली असावी. ती इतकी रूढ आहे की चूक म्हणून खोडू नये. मात्र पैशाच्या अर्थी लिहिताना ण ठेवावा. घडणावळ-शिवणावळीशी असलेलं नातं त्यामुळे लगेच दिसतं.