टर्बो लावलेल्या सिटीला बूस्टवर पेट्रोल कमी पडतंय, नवा पंप टाकूनही फरक नाही. दोष नेमका कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या होंडा सिटी व्हीटेकला टर्बो लावलाय, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या ऐवजी बसवलेला, हवा तसा ट्यून करता येणारा इंजिन कंप्युटर) आहे, बूस्ट (टर्बो भरतो तो हवेचा जादा दाब) १.२ बार, ताकद साधारण २५० घोडे. तिसऱ्या गियरमध्ये ६००० आरपीएमच्या पुढे गाडी मिसिंग करते (अडखळते) आणि वाइडबँडवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, आकडा वाढला की पेट्रोल कमी) ०.८० वरून ०.९३ वर जातो. ताशी २५५ लिटरचा नवा पंप टाकला, तरी तेच. आता कोणी ४५० चा पंप टाका म्हणतंय, कोणी इंजेक्टर बदला म्हणतंय.

दोन्ही घेऊ नका. दोष सापडेपर्यंत पूर्ण बूस्टवर गाडी ओढूही नका. १.२ बारवर ०.९३ लॅम्डा म्हणजे नॉकिंगला (सिलेंडरमधलं मिश्रण अवेळी, स्फोटासारखं पेटण्याला) आमंत्रण आहे, आणि स्टॉक पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा त्यात सगळ्यात आधी तुटतात.

मी पुण्यात इंजेक्शनच्या गाड्या ट्यून करतो. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटर पळायला जाणाऱ्या गाड्याही हाताखालून जातात. तुमच्यासारखी तक्रार आली की मी आधी पाना नाही, कॅल्क्युलेटर हातात घेतो. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका घोड्यामागे ताशी २७० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल धरतात. २५० घोड्यांना झालं साधारण ६८ किलो, म्हणजे ९२ लिटर. पेट्रोल पंपावर हल्ली ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं (शुद्ध पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १, ई२० चं साधारण १३.५ ला १), म्हणून शंभर लिटर धरा. तुमचा २५५ चा पंप धडधाकट असेल तर ४.२ बारच्या दाबावरही याच्या दुप्पट पेट्रोल देतो. म्हणजे प्रेशर पडत असेल तर पंप लहान असल्यामुळे नक्कीच नाही. वाटेत कुठेतरी मोठी गळती आहे, अडथळा आहे, किंवा पंपाला पुरेसा करंट पोचत नाही. यातल्या कुठल्याच गोष्टीवर मोठा पंप हा उपाय नाही. उलट तो जास्त अँपिअर खेचेल आणि वायर बारीक असेल तर व्होल्टेज आणखी पाडेल.

आता मुख्य गोष्ट. इंजेक्टरला रेलमधलं प्रेशर कळत नाही, त्याला फक्त फरक कळतो: एका बाजूला रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी), दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा मार्ग). तुमचं बेस प्रेशर ३ बार असेल तर १.२ बार बूस्टवर रेलमध्ये ४.२ बार दिसायलाच हवं, तेव्हाच फरक ३ राहतो. रेग्युलेटरची (रेलचं प्रेशर राखणारा व्हॉल्व्ह) व्हॅक्यूम नळी मॅनिफोल्डला जोडलेली असते ती एवढ्यासाठीच. हा फरक कमी झाला की इंधन त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. लॅम्डा ०.८० चा ०.९३ झाला म्हणजे इंधन सुमारे १४ टक्के कमी पडलं. उलटा हिशेब केला तर फरक ३ वरून २.२ बारवर आलेला असणार, म्हणजे रेलमध्ये ४.२ ऐवजी ३.४ बार.

हा ३.४ चा आकडा लिहून ठेवा. रेलवर ० ते १० बारचा सेन्सर बसवा, ईसीयूच्या मोकळ्या अ‍ॅनालॉग इनपुटला जोडा, आणि रेल प्रेशर, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब), लॅम्डा, बॅटरी व्होल्टेज, इंजेक्टर ड्युटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा असतो) हे सगळं एकाच लॉगमध्ये घ्या. (मॅप सेन्सर अ‍ॅब्सोल्यूट दाखवतो, १.२ बार बूस्ट तिथे २.२ दिसेल. वजाबाकी करताना हे विसरू नका.) बूस्ट आधी ०.६ वर आणा, तिथे रेलमध्ये ३.६ दिसायला हवं. पेट्रोलचा गेज ओढून केबिनमध्ये आणू नका, नळी सुटली तर पेट्रोल थेट मांडीवर येतं.

लॉगमधली रेषा कशी पडते त्यावरून बरंच कळतं. बूस्ट चढतोय पण रेल प्रेशर ३ वरच सपाट आहे, तर रेग्युलेटरची नळी सुटली, चिरली किंवा दबली आहे. मात्र तुमच्याकडे हे नसावं. १.२ बारवर तसं झालं असतं तर लॅम्डा थेट १ च्या पुढे गेला असता. प्रेशर बूस्टबरोबर नीट चढतं आणि वरच्या आरपीएमला हळूहळू खाली येतं, तर पुरवठा कमी पडतोय. रेषा करवतीसारखी दातेरी असेल तर पेट्रोलात हवा येतेय. माझा अंदाज तुमची रेषा दुसऱ्या प्रकारची असेल. तशी निघाली तर दोन जागा आधी बघा.

पहिली जागा, पंपाचं व्होल्टेज. बॅटरीवर नव्हे, पंपाच्या कनेक्टरवर, आणि पंप लोडवर चालू असताना मोजायचं. इंजिन चालू ठेवा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या प्लसवर लावा. जे दिसेल ते वायरमध्ये वाया जाणारं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की काम काढायचं. मग हेच अर्थिंगच्या बाजूने करा. ही बाजू बहुतेक लोक तपासतच नाहीत. मूळ वायर कंपनीने मूळ पंपाच्या हिशेबाने दिलेली असते आणि २५५ चा पंप सहज आठ-दहा अँपिअर खातो. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११.२ असे आकडे मी पाहिलेत, आणि त्या कनेक्टरची पांढरी पिन-कॅप भाजून तपकिरी झालेली होती. त्यावर इलाज म्हणजे बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर, वेगळा रिले, आणि मूळ पंपाची वायर फक्त रिले ओढायला. जुन्या होंडांच्या मेन रिलेमधली सोल्डरिंग तडकते हे तुमच्या मेकॅनिकला माहीत असेलच.

दुसरी जागा टाकीच्या आत आहे, आणि पंप बदलल्यावरही दोष तसाच राहिला म्हणून माझा संशय तिथेच जास्त आहे. पंपाचं तोंड आणि वरचं झाकण यांच्यामध्ये बोटभर लांबीची एक नळी असते. पंप बदलताना मूळ नळी बसत नाही, मग दुकानातून फ्यूएल पाइपचा तुकडा आणून क्लिप मारली जाते. तो पाइप आतून पेट्रोल वाहून न्यायला बनवलेला असतो, बाहेरून पेट्रोलात बुडून राहायला नाही. बुडवायची नळी वेगळी मिळते, तिच्यावर एसएई जे३०आर१० असं छापलेलं असतं. साधी नळी काही महिन्यांत फुगते, मऊ पडते आणि क्लिपच्या कडेला चिरते.

नाशिकहून आलेल्या एका गाडीत नेमकं हेच होतं. व्होल्टेज चोख, फिल्टर नवा, पंप नवा, आयडलवर प्रेशर अगदी बरोबर. पंप बाहेर काढून नळी बोटाने वाकवली तेव्हा क्लिपला लागून नखाएवढी फट उघडली. हात सोडला की मिटायची, डोळ्यांना काहीच दिसायचं नाही. दाब वाढला की तिथून पेट्रोल परत टाकीतच पडत होतं, त्यामुळे ना वास, ना थेंब. अशा गाडीत मोठा पंप टाकला तर फटीतून जास्त पेट्रोल जाईल, एवढंच.

टाकी उघडण्याआधी खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून फ्लो टेस्ट करा. रेग्युलेटरची रिटर्न नळी काढून पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडा. व्हॅक्यूमच्या तोंडाला टायरचा गेजवाला पायपंप जोडून १.२ बार हवा भरा, म्हणजे रेल ४.२ वर येते. बॅटरीला चार्जर लावून पंपावर साडेतेरा व्होल्ट ठेवा आणि अर्धा मिनिट पंप चालवा. इंजिन बंद असल्यामुळे पंपाचं सगळं पेट्रोल कॅनमध्ये येतं. तुमच्या इंजिनाची गरज अर्ध्या मिनिटाला ८०० ते ८५० मिली आहे, आणि चांगल्या २५५ पंपाने दीड लिटरच्या वर द्यायला हवं. हवा न भरता, म्हणजे ३ बारवर, भरपूर येतंय आणि ४.२ वर एकदम कमी, तर आतली नळी किंवा थकलेला पंप. दोन्हीवर कमी, तर पंपाखालची जाळी, फिल्टर किंवा कुठेतरी चेपलेला पाइप. हे काम उघड्यावर करा, अग्निशामक हाताशी ठेवा, चार्जरचे चिमटे कॅनपासून लांब आणि आधी जोडलेले असू द्या. चालू-बंद फक्त रिलेच्या स्विचवरून करा. यात हयगय नको.

एक प्रश्न तुम्हालाच विचारतो: हे डायनोवर (गाडी रोलरवर जागीच पळवून ताकद मोजायचं यंत्र) होतं की फक्त धावपट्टीवर? डायनोवर गाडी जागची हलत नाही, त्यामुळे टाकीतलं पेट्रोल मागे जात नाही. लाँचला (पट्टीवर जोरात सुटताना) मात्र सगळं पेट्रोल मागच्या भिंतीवर चढतं, आणि वजन वाचवायला टाकीत चार-पाच लिटरच ठेवलेले असतील तर पंपाचं तोंड उघडं पडून तो हवा ओढतो. डायनोवर गाडी नीट आणि पट्टीवर मिसिंग, असं असेल तर एकदा टाकी पूर्ण भरून धावा. दोष गेला तर सर्ज टँक (पंपाला कायम पेट्रोलात बुडवून ठेवणारी छोटी जादा टाकी) लावायचा, बाकी काही नाही. हा तपास फुकटात होतो आणि तरी तो कोणी करत नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि लॉगमध्ये रेल आणि मॅनिफोल्डमधला फरक ३ बारवर ठाम निघाला तर वरचं सगळं विसरून जा. मग आधी स्पार्क बघा. बूस्टमध्ये स्पार्क विझला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि वाइडबँड त्याला लीन (पेट्रोल कमी) म्हणतो, पेट्रोल पुरेसं असलं तरी. तुम्ही मिसिंग लिहिलंय म्हणून ही शक्यता मी सोडत नाही. प्लगचा गॅप १.१ मिमी असेल तर ०.७ करून बघा. वाइडबँडच्या आधी एक्झॉस्टचा जोड गळत असेल तरी तो खोटं लीन दाखवतो. नंतर ड्युटी. ७००० आरपीएमला दोन फेऱ्यांना १७.१ मिलिसेकंद लागतात, त्यात इंजेक्टर १५ च्या वर उघडा असेल तर तो संपत आला. तुमच्या ताकदीला ई२० वर, ८५ टक्के ड्युटी धरून, मिनिटाला प्रत्येकी ४८० सीसीच्या आसपासचे इंजेक्टर लागतात. तुमच्यात ४४० चे असतील तर इंजेक्टरचा सल्ला देणारा बरोबर आहे. चारही प्लग काढून ओळीने ठेवा. एकच पांढरा असेल तर तेवढाच इंजेक्टर तुंबलाय, तो बेंचवर साफ करून घ्या.

हे सगळं पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल सिलेंडरच्या बाहेर, मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या इंजिनांचं) झालं. टीएसआयवाल्यांनी (थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारणारी फोक्सवॅगन-स्कोडाची टर्बो इंजिनं) टाकीतल्या पंपासाठी हेच करावं, पण हाय प्रेशर रेलचं मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर स्कॅनरवर शेजारी-शेजारी लॉग करावं.

सेन्सर बसला की दोष निघाल्यावरही तो काढू नका. ईसीयूमध्ये इंजिन प्रोटेक्शन चालू करा: बूस्ट अर्ध्या बारच्या वर असताना फरक २.६ बारच्या खाली गेला की इंजिन कट. लॉग घेतलात की त्याचा स्क्रीनशॉट इथेच टाका, टाकीत किती पेट्रोल होतं तेही लिहा, मी बघून सांगतो.